अनुस्वार स्पष्ट दिसावा म्हणून

चेन्नईत मैलापूरच्या लझ भागात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. रानडे १९०१ मध्ये गेले आणि पुढच्या काही वर्षांतच मद्रासच्या जाणत्या मंडळींनी ते त्यांच्या स्मरणार्थ उभारले. तिथून दक्षिणेला, तरमणीच्या टायडेल पार्कमध्ये, ‘सी-डॅक’ या सरकारी संगणन संस्थेचे चेन्नई केंद्र आहे. संस्थेचे मुख्यालय पुण्यात, पण ‘बॉस’ ही डेबियन लिनक्सवर आधारलेली मुक्तस्रोत संगणकप्रणाली घडवली ती या केंद्राने, २००७ मध्ये. ती मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते. वाचनाची सोय सर्वांसाठी खुली असावी, हे ग्रंथालयामागचे तत्त्व अशा प्रणालीमागेही आहे. मात्र पडद्यावरचे अक्षरच पुसट असेल, तर ती सोय अपुरी राहते.

जुन्या संगणकावर लिनक्स बसवल्यावर पुष्कळदा पहिली तक्रार येते ती हीच: सगळे फुगीर आणि धूसर दिसते. एलसीडी पडद्यावरचे ठिपके ठरलेले असतात, समजा आडवे १३६६ आणि उभे ७६८. संगणकाने १०२४ बाय ७६८ चे चित्र पाठवले, तर पडदा ते आडवे ताणतो. चित्रातल्या एका ठिपक्याच्या वाट्याला पडद्याचा सुमारे सव्वा ते दीड ठिपका येतो, म्हणून कडा पसरतात. देवनागरीला हे अधिक भोवते. शिरोरेषेच्या वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार, अशा बारीक खुणांवर अर्थ अवलंबून असतो. अनुस्वार पुसला की शब्दच बदलतो.

प्रणाली चुकीचे रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची चुकीची संख्या, का निवडते? मॉनिटरमध्ये स्वतःची माहिती साठवलेली असते. तिला ‘एडिड’ म्हणतात आणि तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. सुरू होताना संगणक ती वाचतो. पंधरा पिनांच्या व्हीजीए केबलमध्ये ही माहिती बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून येते. स्वस्त केबलमध्ये कधी त्या तारा नसतात, कधी एकच चित्र अनेक पडद्यांना वाटणारा मधला स्प्लिटर माहिती पुढे जाऊ देत नाही. मग प्रणाली १०२४ बाय ७६८ सारखा सुरक्षित पर्याय घेते. म्हणून आधी मधला स्प्लिटर काढून पाहावा आणि केबल बदलावी.

त्यानंतर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘डिस्प्ले’ उघडून पडद्याचे मूळ रिझोल्यूशन निवडावे. अक्षर बारीक वाटले, तर रिझोल्यूशन कमी करू नये. ‘स्केल’ किंवा फॉन्टचा आकार वाढवावा. अक्षर मोठे होते आणि रेघही स्वच्छ राहते. ज्येष्ठ वाचकांसाठी हाच योग्य मार्ग आहे.

हवा तो आकडा यादीत नसेल, तर पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या जुन्या एक्स-ऑर्ग पद्धतीच्या डेस्कटॉपवर टर्मिनलमधली ‘एक्सरँडआर’ ही आज्ञा उपयोगी पडते. ‘सीव्हीटी’ या आज्ञेने हव्या त्या मोडचे, म्हणजे रिझोल्यूशन आणि त्याच्या वेळेचे, आकडे काढायचे, ‘एक्सरँडआर’ने तो मोड नोंदवायचा, मॉनिटरला जोडायचा आणि लागू करायचा. ‘सीव्हीटी’ आडवे ठिपके आठच्या पटीत धरते, त्यामुळे १३६६ मागितले तरी १३६८ मिळतात. ही सोय संगणक बंद होताच जाते. कायम हवी असेल, तर आज्ञा लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या फाइलीत लिहून ठेवावी लागते. नव्या वेलँड पद्धतीत मात्र ही वाट चालत नाही, तिथे बदल सहसा सेटिंग्जमधून करायचा.

पूर्वी हे सारे एका फाइलीत हाताने लिहावे लागे. आकडे चुकले तर जुन्या काचेच्या मॉनिटरला इजा होण्याचीही भीती असे. २००७ नंतर एक्स-ऑर्गमध्ये आणि २००९ पासून लिनक्सच्या गाभ्यात झालेल्या सुधारणांमुळे आता बहुतेक वेळा पडदा आपोआप जुळतो.

जिथे जुळत नाही, तिथे संगणक बसवणाऱ्याने थांबले पाहिजे. शाळेची लॅब असो वा सरकारी कार्यालय, प्रत्येक पडद्यावर मराठीचा एक परिच्छेद उघडावा, रफार आणि अनुस्वार वेगळे दिसतात का ते पाहावे आणि मगच तो संगणक वापरणाऱ्याच्या हाती द्यावा. प्रणाली आपल्या भाषेत आणण्यासाठी अनेकांनी कष्ट घेतले आहेत. एका सदोष केबलपायी ते वाया जाऊ देणे परवडणारे नाही.