भिंतीवरचा बंब

पूर्वी नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पुष्कळ घरांत एक काम ठरलेले असे. तांब्याचा बंब चिंचेने लख्ख घासायचा, नळीतली राख काढायची, त्यावर हळदकुंकवाची बोटे ओढायची आणि पहाटेसाठी पाणी भरून ठेवायचे. हे करता करता बंबाला चीर गेली आहे का, तोटी गळते का, हेही पाहिले जाई. पुढे बंब मोडीत गेला आणि न्हाणीघराच्या भिंतीवर विजेचा गीझर चढला. अभ्यंगस्नान राहिले, उटणे राहिले. वर्षातून एकदा होणारी ती पाहणी मात्र बंबाबरोबर गेली.

वास्तविक गीझरला तिची गरज अधिक. बंब आपले दुखणे लपवीत नसे. तो धुरकटे, ठिबके, काळा पडे. गीझर मुका. बटण दाबले की दिवा लागतो, पाणी तापते, आणि सारे ठीक आहे असे आपण धरून चालतो. मग एके दिवशी नळाला हात लावताच झिणझिण्या येतात. ओल्या अंगाने, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला ती पहिली सूचनाच शेवटचीही ठरू शकते.

पोटात काय असते?

आपल्या घरांतून साधारणपणे १५ लिटरचा, २००० वॉटचा गीझर असतो. आत पोलादी टाकी, तिला काचेसारखा लेप, पाणी तापविणारी सळई आणि ठरावीक उष्णतेला वीज तोडणारा थर्मोस्टॅट. २५ अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायला त्याला सुमारे १८ ते २० मिनिटे लागतात आणि साधारण सहा-दशांश युनिट वीज खर्च होते. आपल्या गीझरला याच कामाला आता तासभर लागत असेल, तर आत काहीतरी बिघडले आहे हे खचित.

पुष्कळदा तो प्रताप क्षारांचा असतो. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की ते सुटे होऊन सळईवर खडूसारखे बसतात. या थरातून उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. सळई आतल्या आत जास्त तापते आणि अखेर फुटते. धरणाच्या पाण्यावर हा त्रास सहसा कमी, पण बोअरिंगचे किंवा टँकरचे पाणी येणाऱ्या सोसायट्यांत तो हटकून आढळतो. पाणी जितके जास्त तापवाल तितका थर लवकर बसतो. म्हणून थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपास ठेवावा. तेवढे पाणीही अंग भाजते, तेव्हा मुलांच्या बादलीत आधी गार पाणी घालावे.

दुसऱ्यासाठी झिजणारी

टाकीत आणखी एक सळई असते, तिचे नाव पुष्कळांना ठाऊकही नसते. ती मॅग्नेशियमची. पाण्यात पोलादाआधी मॅग्नेशियम गंजते, म्हणून ती स्वतः झिजून टाकीला वाचविते. या युक्तीचे मूळ सर हम्फ्री डेव्हीच्या प्रयोगांत आहे. १८२४ साली त्याने इंग्लंडच्या आरमारी जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचविण्यासाठी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले होते. मॅग्नेशियमची सळई झिजून संपली की गंज टाकीकडे वळतो, आणि गळकी टाकी सहसा दुरुस्त होत नाही. बऱ्याच वेळा थोड्याशा खर्चाची सळई वेळेवर न बदलल्याने सबंध गीझर घ्यावा लागतो.

ठिबकणारी झडप

गार पाण्याच्या नळाशी एक सुरक्षा-झडप असते. तिच्यातून थेंब पडू लागले की काही मंडळी ती घट्ट बंद करून टाकतात. असे कदापि करू नये. पाणी तापले की फुगते. १५ लिटरमागे जवळजवळ पेलाभर वाढते. तापत असताना पडणारे थेंब हे त्याचेच. गीझर बंद असतानाही धार लागली, तर मात्र कारागिराला बोलवावे. थर्मोस्टॅट बिघडून पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेले आणि झडपही बुजलेली असली, तर टाकी फुटू शकते. त्या क्षणी पाण्याची जी वाफ होते, ती मूळ पाण्याच्या सोळाशेपट जागा मागते. एवढी जागा न्हाणीघरात नसते!

तिसरी तार

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. सळईचे आवरण फुटले की वीज पाण्यात उतरते. तिला जमिनीत जाण्याची वाट अर्थिंगची तार देते. प्लगमधील जाड, लांब पिन तिचीच. ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून लांब ठेवलेली असते. पण भिंतीतली तारच तुटलेली असली, तर पिन काय करणार? ही तपासणी वीजतंत्र्याकडूनच करवून घ्यावी. शिवाय ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी घरात असावा, आणि त्यावरचे 'टेस्ट'चे बटण अधूनमधून दाबून पाहावे. स्नानाला जाण्यापूर्वी गीझर बंद करण्याची सवय उत्तम. परंतु ती अर्थिंगची जागा घेऊ शकत नाही.

वर्षाचे काम

दिवाळीपूर्वी एक सकाळ यासाठी राखावी. जड पाणी असेल तर दरवर्षी, नसेल तर निदान वर्षाआड. मुख्य वीज बंद करून, पाणी निवू देऊन टाकी रिकामी करवावी. तापविणाऱ्या सळईवरचे क्षार काढून घ्यावेत. मॅग्नेशियमची सळई निम्मी झिजली असल्यास बदलावी. रबरी वायसर नवा घालावा. झडप आणि अर्थिंग तपासावे. नंतर गरम पाण्याच्या नळातून सलग धार आल्याखेरीज बटण दाबू नये; कोरडी सळई पाहता पाहता जळते. बटण एकाने आणि नळ दुसऱ्याने सांभाळणे बरे.

काम झाले की एका चिठ्ठीवर तारीख लिहून ती गीझरच्या अंगावर चिकटवावी. आपल्या स्मरणशक्तीवर विसंबण्यापेक्षा ते श्रेयस्कर. तिच्या शेजारी हळदकुंकवाची दोन बोटे ओढायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या हौसेवर सोडू. पण पहाटे पहिली आंघोळ करणाऱ्या आजोबांच्या आणि शेवटी करणाऱ्या गृहिणीच्या जिवाची काळजी त्या तारखेत आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.