टिटवीचं ओलं पोट

मे महिन्यात वारूळवाडीच्या शिवारात नांगरून तापत ठेवलेल्या रानात टिटवीची चार अंडी उघड्यावर पडलेली असतात. घरटं म्हणावं असं काही नसतंच. ढेकळांमध्ये जरासा खळगा, कडेला चार खडे, कधी शेळीच्या लेंड्या. अंड्यांचा रंग मातीचा, वर काळपट डाग. निमुळती टोकं आत वळवलेली असतात, म्हणून चारही अंडी नीट जुळून पोटाखाली मावतात. दोन हातांवर उभं राहूनही ती दिसत नाहीत.

पक्षी अंड्यांवर बसतो तो त्यांना ऊब द्यायला, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. इथं अडचण नेमकी उलटी आहे. दुपारी जमीन इतकी भाजते की अंडं थोडा वेळ जरी उघडं राहिलं तरी आतला जीव शिजून जाईल. म्हणून टिटवी आधी अंड्यांवर सावली धरून उभी राहते. तेवढ्यानं भागलं नाही तर ती कालव्याच्या पाण्यापर्यंत किंवा ठिबकची नळी गळून झालेल्या ओलीपर्यंत जाते, पोटाची पिसं भिजवते आणि त्या ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते. ओल उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि अंडी थंडावतात. नर-मादी दोघं मिळून ही पाळी जवळजवळ महिनाभर सांभाळतात. हे आपल्या बांधाच्या पलीकडे, रोज, कुणी बघो न बघो, चाललेलं असतं. मला यापेक्षा मोठं नवल माहीत नाही.

पण मग इतका जीव आटवायचा कशाला? थंडीत का नाही घालायची अंडी?

पक्ष्यांचं वर्ष समजून घ्यायला हा एकच प्रश्न पुरतो: कोण कधी अंडी घालतं, आणि त्याच वेळी का? उत्तर बहुतेक वेळा पिलाच्या चोचीत सापडतं. टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच पळायला लागतं आणि स्वतःचं स्वतः टिपून खातं. वळवाचा, मग मृगाचा पाऊस पडला की जमिनीतून किडे वर येतात, आणि नेमकी तेव्हाच ही पिल्लं रानात हिंडत असतात. शिवाय मे महिन्यात रान मोकळं असतं. गवत नाही, पीक नाही. मुंगूस असो की कुत्रा, टिटवीला तो लांबूनच दिसतो, आणि मग ती जो गिल्ला करते तो सगळ्या आळीला ऐकू जातो.

वारूळवाडी नारायणगावला लागून, मीना नदीच्या काठची. इथून पश्चिमेला नाणेघाटापर्यंत पन्नास किलोमीटरही नाहीत, पण तेवढ्यात पाऊस किती बदलतो! घाटमाथ्यावर, भीमाशंकरच्या झाडीत, पावसाळाभर धबधब्याशेजारी शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालत असतो. पूर्वेला खोडदच्या बाजूला, जिथं जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, तिथं कोरडवाहू माळावर चंडोल आणि लावे. मधल्या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचं पाणी: येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. त्या पाण्यावर ऊस, द्राक्षं, टोमॅटो, कांदा. कोरड्या माळाचे, पाण्याचे आणि झाडीचे असे तिन्ही प्रकारचे पक्षी एका दिवसाच्या फेरीत भेटतील अशा जागा फार नाहीत. जुन्नर-आंबेगावची माणसं या बाबतीत नशीबवान आहेत.

मे संपता संपता आंबराईतून पावशाचा आवाज चढायला लागतो. आपल्याकडे तो ‘पेरते व्हा’ असं सांगतो. त्याच्यामागून येतो चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, तारेवर किंवा बाभळीच्या शेंड्यावर बसून खणखणीत ओरडणारा. नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यांबरोबर तो आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडून येतो. नुसत्या पावसाच्या थेंबावर तो जगतो ही कवींची समजूत गोड आहे, पण खरा चातक पावसानंतर झाडाझुडपांवर सुटणाऱ्या केसाळ सुरवंटांसाठी येतो. बहुतेक पक्षी त्या सुरवंटांच्या वाटेला जात नाहीत.

आणि तो अंडी घालायला येतो, पण सातभाईंच्या घरट्यात. बांधावरच्या करंजाखाली पानं उचकटत, एकमेकांशी भांडल्यासारखे बोलत टोळीनं फिरणारे ते सातभाई. त्यांची अंडी निळीशार असतात आणि चातकाचीही तशीच निळी. मादी घरट्याच्या काठावर क्षणभर टेकते आणि वरूनच अंडं सोडून निघून जाते. तिच्या अंड्याचं कवच जाड असतं. ते पडताना सातभाईंचं एखादं अंडं तडकतं, तिचं मात्र शाबूत राहतं. पिल्लू निघालं की ते सातभाईंच्या पिलांना ढकलून देत नाही, त्यांच्याबरोबरच चोच उघडून बसतं. पाळणारे नुसते आईबाप दोघंच नाहीत, सगळी टोळी आहे. पाहुण्याचंही पोट भरतं.

या सातभाईंमधली एक जात, राखाडी रंगाची, मोठ्या चणीची, आपल्या दख्खनात नेहमी दिसणारी. तिला शास्त्रीय नाव मिळालं ते १८३२ साली. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी १८२४ पासून मुंबई इलाख्याची आकडेवारी गोळा करत दख्खन पालथी घालत होता. गावोगावची पिकं, माणसं, मोजमापं लिहिता लिहिता त्यानं पक्षीही टिपले आणि १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. मोठ्या सातभाईला त्यानं मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या सर जॉन माल्कम यांचं नाव दिलं. पाण्याकाठी मान आखडून बसणारी, उडाली की एकदम पांढरीशुभ्र दिसणारी ढोकरी, आणि उसाच्या कडेला शेपटी उडवत वटवटणारे दोन जातींचे वटवट्ये, यांची शास्त्रातली पहिली ओळखही त्याच यादीतली. याच साइक्सनं जुन्नरच्या बौद्ध लेण्यांमधले शिलालेख उतरवून घेतले आणि ते १८३७ मध्ये छापून आले. लेण्यांतल्या अक्षरांकडे आणि बांधावरच्या पाखराकडे एकाच लक्षानं बघणारा माणूस आपल्या तालुक्यात येऊन गेला, ही गोष्ट इथल्या शाळेतल्या मुलांना सांगायला हवी.

जुलैत सुगरणीचा हंगाम सुरू होतो. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लटकलेले खोपे सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण ते विणताना पाहायला तासभर थांबावं लागतं. विणतो नर. छाती आणि डोकं पिवळंजर्द, गळा काळपट. तो उसाच्या पात्यावर बसतो, पात्याच्या कडेला चोचीनं एक खाच पाडतो, खाचेचं टोक चोचीत घट्ट धरतो आणि तसाच उडतो. उडण्याच्या ओढीनंच हिरवी दोरी पात्याच्या लांबीनं सरळ फाडली जाते. अशा शेकडो दोऱ्या आणून, गाठी मारत, आतबाहेर ओवत तो घंटेसारखा अर्धा खोपा तयार करतो. मग तिथंच थांबतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून बघते. पसंत पडला तरच पुढची नळी विणली जाते. नापसंत झालेले अर्धे खोपे झाडाला तसेच लोंबत राहतात. मादी विणकामापेक्षाही जागा जास्त पारखते, असं अभ्यासात दिसलंय. एक खोपा पूर्ण झाला की नर दुसरा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हा सगळा मामला पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला बसून पाहिला आणि १९३१ मध्ये लिहून काढला.

सुगरण एरवी दाणे खाते. पिलांना मात्र ती नाकतोडे, अळ्या भरवते, कारण पिलाचं अंग वाढायला किडेच लागतात. किडे पावसात, कोवळी पातीही पावसात. म्हणून तिचा हंगाम पावसाळा.

आता खरं कोडं. विणायला लागायच्या कितीतरी आधीपासून नराचं शरीर तयार होत असतं. त्याचा रंग पिवळा होतो, एरवी बारीकशा असलेल्या जननग्रंथी कित्येक पटींनी वाढतात. पाऊस अजून यायचा असतो. मग त्याला कळतं कसं? दिवसाच्या लांबीवरून. मकर संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो असं आपण म्हणतो, तो वाढता तीळ पक्षी मोजत असतो, आणि तोही डोळ्यांनी नव्हे. पक्ष्याच्या मेंदूच्या तळाशी प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. पातळ कवटीतून झिरपून आलेला उजेड त्यांच्यापर्यंत पोचतो आणि दिवस पुरेसा मोठा झाला की तिथून शरीराला निरोप जातो. डोळे मिटलेले असले तरी हे घड्याळ चालतं. सूर्य तयारी करून घेतो, आणि पाऊस, हिरवी पाती, सुटलेले किडे शेवटची खूण देतात. पाऊस लांबला तर सुगरणही थांबते.

सप्टेंबरच्या अखेरीस धोबी येतात. राखाडी-पांढरे, सतत शेपूट वरखाली करणारे, नांगरामागे तुरुतुरु पळत किडे टिपणारे. एकेकाचं वजन जेमतेम वीस ग्रॅम, आणि तेवढा जीव हिमालयापलीकडून येतो. बरेच छोटे पक्षी हा प्रवास रात्रीचा करतात, ताऱ्यांच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आधारानं. सालिम अलींनी मुंबईतल्या एका करड्या धोब्याची हकीकत लिहून ठेवलीये. पायात कडं असलेला तो पक्षी दर हिवाळ्यात त्याच एका छोट्या हिरवळीवर परत यायचा. तेव्हा तुमच्या खळ्यावर, तुमच्या टाकीजवळ दिसणारा धोबी हा गेल्या वर्षीचाच असणं अगदी शक्य आहे.

हे पाहुणे इथं खायला येतात. अंडी मात्र उत्तरेला, जिथं उन्हाळ्यात दिवस खूप लांबतो आणि पिलांना भरवायला जास्त तास मिळतात. त्यांच्या येण्याला ऊसतोडही जुळून येते. फड उघडा पडला की उंदीर पळतात, किडे उडतात. गायबगळे आणि घारी तोडणाऱ्यांच्या मागे मागे असतात. आणि ज्यांना पिलांसाठी उंदीर हवेत ती घुबडं, पिंगळे, घारी हिवाळ्यातच घरट्याला लागतात. पुन्हा तोच हिशेब, पिलाच्या चोचीचा.

हिवाळ्यातला सगळ्यात मोठा जमाव भोरड्यांचा. गुलाबी अंग, काळं डोकं, शेकड्यांनी एकत्र वळणारा थवा. ज्वारी हुरड्यात आली की त्या उतरतात, द्राक्षाच्या घडांवरही बसतात. म्हणून इथला शेतकरी माचाणावरून गोफण फिरवतो, बागेवर जाळी टाकतो. त्याचं नुकसान खरं आहे, ते कुणी नाकारू नये. पण याच भोरड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावरीच्या फुलांत डोकं खुपसतात आणि परागकण या झाडावरून त्या झाडावर नेतात. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाला परततात, कारण तिथं टोळ निघण्याची वेळ झालेली असते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून भोरड्यांना घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढीग आणि भिंती रचून देतात. इथं गोफणीचा दगड, तिथं घरट्याचा दगड. पक्षी तोच!

काही गोष्टी काळजीच्या आहेत. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो चास, उडाला की निळ्या पंखांनी डोळे दिपवणारा, आता तारांवर पूर्वीइतका दिसत नाही. हा नुसता भास नाही. २०२३ च्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात ९४२ जाती तपासल्या गेल्या, त्यातल्या १७८ तातडीनं जपायला हव्यात असं निघालं, आणि चासाच्या घटत्या संख्येकडे त्यात खास लक्ष वेधलंय. माळावरचे, उघड्या रानातले पक्षी जास्त घटले आहेत. धरणांचं पाणी आलं, माळ बागायत झाला, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला हे चांगलंच झालं. पण पडीक माळ म्हणजे वाया गेलेली जमीन ही समजूत सोडायला हवी. टिटवीला, चंडोलाला, हिवाळ्यात गवतात जमिनीवरच झोपणाऱ्या भोवत्यांना तोच माळ घर आहे. निदान गावाचं गायरान तरी उघडं राहू द्यावं, बांधावरची एक बाभूळ आणि पोकळी असलेलं एक जुनं झाड राखावं.

तो अहवाल उभा राहिला तो हजारो हौशी माणसांनी केलेल्या नोंदींवर. आपलीही नोंद त्यात जाऊ शकते. साधी दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी वही पुरे. एक सूचना मात्र मनापासून: जुन्नर-आंबेगावात पहाट आणि संध्याकाळ ही पक्ष्यांची वेळ, तशीच बिबट्याचीही. उसाच्या कडेनं एकट्यानं वाकून चालू नका, मुलांना पुढे सोडू नका, उजाडल्यावर निघा. सातभाई आणि कावळे एका जागी जमून आरडाओरडा करत असतील तर तिकडे पाहायला जाऊ नका, मागे फिरा. त्यांना आपल्या आधी दिसलेलं असतं.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख सालिम अलींच्या. या वर्षी त्या आठवड्याची वाट पाहू नका. पहिला धोबी ज्या दिवशी अंगणात दिसेल ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा बघा.