न दिसणाऱ्या आकाशाचा नकाशा

सातारा-सांगलीकडील बहुतेक घरांत पंचांग असतें, आणि त्यांतील सत्तावीस नक्षत्रें मुलांस निदान नांवानें तरी ठाऊक असतात. परंतु पुण्याच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवर, नारायणगांवाजवळ खोडद येथें, आकाशाचा एक अगदीं निराळा नकाशा काढण्यासाठीं वेध घेतले गेले, ही वार्ता आमच्या मंडळींपैकीं थोड्यांच्याच कानीं आली असेल.

तेथील महाकाय रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना होत. त्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पकतेनें त्यांच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या न करितां तारेच्या जाळीच्या केल्या. वारा आरपार जातो, वजन घटतें आणि खर्चही. ही काटकसर आम्हांस यंत्राच्या आकारापेक्षां अधिक स्तुत्य वाटते.

२०१० ते २०१२ या काळांत या दुर्बिणीनें सुमारें दोन मीटर लांबीच्या लहरींवर आकाश न्याहाळलें. एका वेळीं पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीनें मांडावे एवढीच रुंदी दृष्टींत येते. म्हणून पांच हजारांहून अधिक तुकडे घ्यावे लागले. आकाशाचा नव्वद टक्के भाग त्यांत आला. दक्षिणेची सीमा अशी कीं, आपला अगस्त्य जेमतेम तिच्या आंत सांपडतो. मात्र नकाशांत तो शोधूं जाल तर दिसावयाचा नाहीं! त्यांतील सुमारें ६ लक्ष २० हजार बिंदु बहुतेक तारे नव्हेतच; त्या दूरच्या दीर्घिका होत.

तापलेल्या पत्र्यावरील हवेंतून पलीकडचें झाड थरथरतांना दिसतें, तद्वत् वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांतून या लहरी वेड्यावांकड्या होऊन येतात. तो दोष काढण्याची पद्धति हॉलंडचे डॉ. इंटेमा यांनीं बसविली, आणि सहकाऱ्यांसह २०१७ सालीं नकाशा प्रसिद्ध केला. वेध आमच्या भूमीवरचे आणि गणित परक्यांचें, याची रुखरुख कोणास लागेल. आम्हांस लागत नाहीं. ठराविक मुदतीनंतर वेध सर्वांस खुले करण्याचा खोडदचा शिरस्ता आहे, म्हणूनच हें कार्य झालें. नकाशाही आज कोणासही विनामूल्य पाहतां येतो.

काळजी आहे ती गोंगाटाची. मानवनिर्मित रेडिओ-लहरी कमी आणि भोंवतीं डोंगरांचा आडोसा, म्हणून ती जागा निवडली होती. पुणे-नाशिक रेल्वेचा मूळ आराखडा दुर्बिणीच्या जवळून जात होता. शास्त्रज्ञांच्या हरकतीमुळें तो सोडावा लागला. त्या भागांतील लोकांची निराशा झाली, व ती आम्हांस समजते. तरी आमचें मत शास्त्रज्ञांच्या बाजूचें आहे, कारण रूळ दुसरीकडून नेतां येतात, तीस अँटेना हलवितां येत नाहींत.