वाघांच्या छायाचित्रांचा साठा आणि माउंटचे पर्याय

अखिल भारतीय व्याघ्रगणनेत ताडोबा-अंधारीसारख्या प्रकल्पांत दर २ चौरस किलोमीटरच्या चौकटीत कॅमेरा ट्रॅपची जोडी लावली जाते, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरील पट्टे वेगळे असतात आणि ओळख पटवण्यास दोन्ही बाजू लागतात. या छायाचित्रांचा एकदाच लिहिला जाणारा व वारंवार वाचला जाणारा साठा लिनक्स संगणकाला जोडताना, म्हणजे डिस्कवरील फाइल सिस्टिम माउंट करताना, कोणते पर्याय द्यावेत याविषयी अनेक गैरसमज रूढ आहेत.

‘नोएटाइम’ न दिल्यास एसएसडी लवकर झिजते, हा त्यांपैकी सर्वांत पसरलेला समज होय. फाइल शेवटची केव्हा वाचली याची नोंद म्हणजे एटाइम आणि ती टाळणारा पर्याय म्हणजे नोएटाइम. पूर्वी प्रत्येक वाचनामागे ही नोंद लिहिली जाई, परंतु २००९ मधील २.६.३० या कर्नलपासून ‘रिलेटाइम’ हाच मूळ पर्याय असून त्यात, फाइल मधल्या काळात बदललेली नसेल तर, ही नोंद २४ तासांतून फार तर एकदा होते. ५०० जीबीच्या अनेक एसएसडींना उत्पादक ३०० टेराबाइट लेखनाची हमी देतात आणि रोज ५० जीबी लिहिले तरी ती मर्यादा गाठण्यास सोळा वर्षे लागतात, तेव्हा या चिमूटभर नोंदींची चिंता अनाठायी आहे. नोएटाइमचा खरा लाभ होतो तो हार्ड डिस्कला, कारण मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यासच सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो आणि हजारो छायाचित्रे चाळताना अशा लहान नोंदींची भर पडत जाते.

‘डिस्कार्ड’ एसएसडीला अनिवार्य आहे, हेही खरे नाही. पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे तो ड्राइव्हला त्या त्या वेळी कळवतो. आठवड्यातून एकदा चालणारी ‘एफस्ट्रिम’ आज्ञा तेच काम एकत्रितपणे करते आणि बहुतेकांना ती पुरते.

याहून गंभीर गैरसमज ‘नोबॅरियर’विषयीचा आहे. आधी जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, नोंद आणि मग मूळ जागी बदल हा क्रम पाळला जावा, यासाठी फाइल सिस्टिम ड्राइव्हच्या तात्पुरत्या स्मृतीतील मजकूर ठरावीक टप्प्यांवर कायम करवून घेते. हा अडसर (बॅरियर) काढल्यास लेखन वेगवान होते खरे, पण नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर क्रम बिघडून फाइल सिस्टिमची रचनाच मोडू शकते. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा संपर्क तुटतो आणि वीजही जाते. अशा भागात थोड्या वेगासाठी हा धोका पत्करणे सर्वथा असमर्थनीय आहे. एसएसडीत फिरणारे भाग नसल्याने ती वीज जाण्यापासून सुरक्षित असते, असे मानले जाते. प्रत्यक्षात तिच्यातही वीज जाताच पुसली जाणारी स्मृती असते आणि ती राखणारे कपॅसिटर प्रामुख्याने सर्व्हरसाठीच्या महाग ड्राइव्हमध्ये आढळतात. एक्सएफएस या फाइल सिस्टिममधून नोबॅरियर हा पर्याय ४.१९ या कर्नलपासून काढूनच टाकण्यात आला. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये तो अजूनही उपलब्ध आहे, म्हणून जुन्या मार्गदर्शिकांतून उतरवलेल्या ओळी माउंटचे पर्याय नोंदवणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये तशाच राहिल्या आहेत का, हे तपासणे आवश्यक ठरते.