जुन्या धुलाईयंत्राची घरगुती चिकित्सा

धुण्याचें काम घरांत रोज होतें आणि म्हणूनच तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तें लक्षांत येतें तें धुलाईयंत्र बंद पडतें त्या दिवशीं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत १९९० च्या सुमारास आणि नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मध्यम स्थितीच्या हजारों घरांत दोन टाक्यांचीं, म्हणजे ज्यांना बाजारांत सेमी ऑटोमॅटिक म्हणतात तीं, यंत्रें आलीं. त्यांतील पुष्कळ यंत्रें अजून न्हाणीघराच्या कोपऱ्यांत किंवा गॅलरींत उभीं आहेत. तीं बंद पडलीं कीं कारागीर येतो, पांच मिनिटें पाहतो, आणि “मोटर गेली, आतां हें भंगारांत द्या” असें सांगून जातो. कधीं कधीं त्याचें म्हणणें खरें असतें. परंतु कित्येकदां मोटर धडधाकट असते आणि निकामी झालेला असतो तो केवळ थोडक्या रुपयांचा, मुठींत मावेल एवढा एक डबा. घरांतील एखादी वृद्ध स्त्री, जिच्या मनगटांना पिळण्याचें काम आतां झेपत नाहीं, तिच्या दृष्टीनें हा फरक लहान नाहीं.

ह्या यंत्राची मूळ कल्पना जपानांतून सर्वत्र पसरली. १९५३ सालीं तेथील सान्यो कंपनीनें टाकींत फिरती चक्री बसविलेलें यंत्र विकावयास आणलें. इंग्लंडांतील हूव्हर कंपनीचें यंत्र हा त्याचा आदर्श होता. पुढें त्याच्या शेजारीं पाणी निथळण्याची दुसरी टाकी आली. आपल्याकडील जुनें यंत्र ह्याच कुळांतलें. त्याच्या एका टाकींत कपडे धुतले जातात आणि दुसरींत, जिला घरोघर ड्रायर म्हणतात, ते वेगानें फिरवून निथळले जातात. ड्रायर हें नांव चुकीचेंच आहे, कारण तेथें कपडे वाळत नाहींत. पण रूढ झालेल्या नांवाशीं भांडण्यांत अर्थ नाहीं.

ह्या रचनेचा दुरुस्तीच्या दृष्टीनें एक मोठा लाभ आहे. येथें टाक्या दोन, मोटारी दोन, टायमर दोन आणि कपॅसिटरहि दोन असतात; सामाईक असतो तो फक्त विजेचा पुरवठा. म्हणून यंत्र बंद पडलें कीं पेंचकस हातीं घेण्यापूर्वीं दोन्ही बाजू चालवून पाहाव्या. एक बाजू चालते आणि दुसरी चालत नाहीं, तर पुरवठा, प्लग आणि मुख्य दोरी ह्यांच्यावरील संशय बहुतांशीं दूर होतो. दोन्ही बाजू मुक्या असतील, तर दोष बहुधा यंत्राच्या बाहेरच आहे. त्याच सॉकेटांत इस्त्री लावून पाहावी. इस्त्रीहि तापली नाहीं तर कारागिराऐवजीं वायरमनला बोलवावें.

यानंतर कान लावावा. निकामी यंत्राचे दोन प्रकार असतात: एक अगदीं गप्प राहणारें आणि दुसरें गुणगुणणारें. गप्प यंत्रांत वीज मोटरीपर्यंत पोंचतच नाहीं. टायमरच्या स्पर्शपट्ट्या झिजलेल्या असतात, एखादी तार सुटलेली किंवा उंदरानें कुरतडलेली असते, अथवा ड्रायरचें झांकण पुरतें न बसल्यामुळें त्याखालचा स्विच लागलेला नसतो. गुणगुणणाऱ्या यंत्रांत वीज पोंचते, पण मोटरीला फिरतां येत नाहीं. हा दुसरा प्रकार अधिक आढळतो आणि अज्ञानामुळें त्यांत पैसाहि अधिक जातो.

मोटर गुणगुणते पण फिरत नाहीं, हें कां घडतें? घरांत येणारा प्रवाह एकपदरी असून तो सेकंदाला ५० वेळां मागें-पुढें होतो. अशा प्रवाहानें मोटरींत जें चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें तें फिरत नाहीं, एकाच रेषेंत धडधडत राहतें. झोंपाळ्यावर बसलेल्या मुलाला समोरून आणि मागून सारख्या जोरानें ढकललें तर तो गोल फिरणार नाहीं, तसेंच हें. फिरण्यासाठीं दुसऱ्या दिशेनें, थोड्या वेगळ्या वेळीं, आणखी एक धक्का मिळावा लागतो. म्हणून मोटरींत तारेचीं दोन वेटोळीं असतात, आणि त्यांतील एकाच्या वाटेवर कपॅसिटर बसवून त्याचा प्रवाह दुसऱ्याच्या प्रवाहाहून पुढें काढलेला असतो. कपॅसिटर निकामी झाला कीं दुसरा धक्का नाहींसा होतो, आणि मोटर नुसती हुंकार देत तापत बसते. अशा स्थितींत ती पांच-दहा मिनिटें तशीच चालूं ठेवली तर मात्र ती खरोखर जळूं शकते. तेव्हां गुणगुण ऐकूं येतांच बटण बंद करावें आणि प्लग उपसून काढावा. केवळ बटण बंद करून भागत नाहीं. पुष्कळ घरांत तारांची उलटापालट झालेली असते आणि बटण बंद असतांहि आंत वीज खेळत असते.

प्लग काढल्यावर धुण्याच्या टाकीच्या तळाशीं असलेली चक्री हातानें फिरवून पाहावी. ती जड असेल किंवा अडत असेल तर कपॅसिटरला दोष देऊं नये. चक्रीच्या मध्यावरचा स्क्रू काढून ती सरळ वर उचलावी. तिच्याखालीं काय काय सांपडतें ह्याची यादी मनोरंजक होईल: नाणीं, हुक, गुंड्या, सेफ्टी पिना, लहान मुलांचे मोजे, आणि क्षाराच्या पाण्यानें घट्ट झालेला तंतूंचा चिखल. चक्रीच्या पोटांतील दांते झिजले असले तर खालचा दांडा फिरतो आणि चक्री जागच्या जागीं राहते. तेव्हां चक्रीच बदलावी लागते. तसेंच ड्रायरमध्यें फिरत्या टोपलीच्या व बाहेरच्या टाकीच्या मधल्या फटींत रुमाल किंवा बाळाचें झबलें उतरून बसतें आणि टोपली जखडते. हीं कारणें शोधण्यास कौशल्य लागत नाहीं, केवळ धीर लागतो.

चक्री मोकळी फिरत असेल आणि तरीहि मोटर नुसती गुणगुणत असेल, तर कपॅसिटरकडे वळावें. मागचें झांकण काढलें कीं तो दिसतो. कपॅसिटर प्लग काढल्यावरहि कांहीं काळ वीज धरून ठेवूं शकतो, म्हणून त्याच्या टोकांना बोट लावूं नये. पेंचकसानें तीं टोकें जोडून ठिणगी पाडण्याची कारागिरांची रीत असते. ती घरीं मुळींच करूं नये. ४० किंवा ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तंतूचा दिवा होल्डरमध्यें बसवून, त्याच्या दोन तारा उघड्या भागाला हात न लावतां कपॅसिटरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवाव्या, म्हणजे सांठलेली वीज निमूटपणें निघून जाते. हल्लींचा एलईडी दिवा ह्या कामाला उपयोगी नाहीं. फुगलेला, तडकलेला किंवा तेल पाझरलेला कपॅसिटर डोळ्यांनींच ओळखतां येतो. पण वरून निर्दोष दिसणाराहि आंतून क्षीण झालेला असूं शकतो. त्यावर मायक्रोफॅरडचा अंक छापलेला असतो. धुण्याच्या मोटरीला तो सामान्यतः १० च्या आसपास आणि ड्रायरला ४ ते ६ च्या दरम्यान असतो. कपॅसिटर मोजण्याची सोय असलेल्या मीटरवर तो अंक बराच कमी भरला तर कपॅसिटर बदलावा. नवा घेतांना तोच अंक आणि ४४० व्होल्टची मर्यादा पाहून घ्यावी. मोठा घातला तर मोटर अधिक जोमानें फिरेल ही समजूत खोटी आहे. त्यानें वेटोळ्यांत नको इतका प्रवाह जाऊन तीं तापतात. मुंबईंत लोहार चाळ व लॅमिंग्टन रोड, पुण्यांत तपकीर गल्ली, येथें असें सामान मिळण्यास अडचण पडत नाहीं. जुना नमुना बरोबर न्यावा. तोंडी वर्णनावरून आणलेला सुटा भाग बहुधा परत करावा लागतो.

येथें एक बारकावा सांगण्यासारखा आहे. धुण्याची मोटर आळीपाळीनें दोन्ही दिशांना फिरते. तिचीं दोन्ही वेटोळीं सारखीं असतात आणि टायमर कधीं एकाला थेट वीज देतो, कधीं दुसऱ्याला. म्हणून चक्री एकाच दिशेनें फिरते, थांबते, दुसऱ्या दिशेच्या पाळीला गप्प राहते आणि पुन्हा पहिल्याच दिशेनें फिरते, असें दिसलें तर दोष टायमरच्या पट्टीचा किंवा तिच्या तारेचा समजावा. कपॅसिटर निकामी असता तर दोन्ही पाळ्यांना गुणगुण झाली असती. रिकामी असतांना फिरते आणि कपडे घातल्यावर थबकते, अशी चक्री असेल तर कपॅसिटर दुबळा झाला आहे किंवा पट्टा सैल झाला आहे. आणि नवा कपॅसिटर घालूनहि दोन्ही पाळ्यांना गुणगुणच राहिली, तर मग मोटरीच्या वेटोळ्यांकडे पाहावें. सामाईक तारेपासून दोन्ही वेटोळ्यांचा रोध मीटरवर जवळजवळ सारखा भरला पाहिजे. एकाचा भरलाच नाहीं तर मात्र तें वेटोळें तुटलें आहे, आणि कारागिराचें “मोटर गेली” हें वाक्य मान्य करावें. तरीहि भंगारवाल्याला हांक मारण्यापूर्वीं मोटर पुन्हा गुंडाळून देणाऱ्याकडे चौकशी करण्यास हरकत नाहीं.

पट्ट्याबद्दल फार सांगण्याजोगें नाहीं. मोटर फिरते पण चक्री फिरत नाहीं, अथवा रबर जळाल्याचा वास येतो, तर पट्टा सैल किंवा झिजलेला असतो. अंगठ्यानें मधोमध दाबल्यावर तो साधारण बोटाच्या रुंदीइतका आंत जावा. मोटरीचे बोल्ट लांबट भोंकांत बसविलेले असतात. ते सैल करून मोटर थोडी सरकवली कीं ताण येतो. पट्टा तडकलेला असेल तर त्यावर छापलेल्या अंकाचाच नवा आणावा.

गळतीकडे मात्र दुर्लक्ष करूं नये, कारण येथें पाण्याच्या खालीं वीज असते. जमिनीवर पाणी दिसलें कीं प्रथम निचऱ्याची नळी आणि तिच्या तोंडाशीं असलेली रबरी झडप पाहावी. झडपेखालीं केसांचा किंवा सुताचा एक धागा अडकला तरी ती पुरती बसत नाहीं आणि टाकी हळूहळू रिकामी होत जाते. ड्रायरच्या दांड्याभोंवतीं घड्यांघड्यांची रबरी बाही असते. ती वर्षांनुवर्षांच्या साबणानें कडक होऊन चिरते, आणि पाणी नेमकें खालच्या मोटरीवर ठिबकतें. ही बाही स्वस्त असते, पण ती बदलण्यास टोपली उतरवावी लागते आणि गंजलेले स्क्रू सहज दाद देत नाहींत. अशा स्क्रूंना आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल लावून ठेवावें.

आतां ज्या भागाला सर्वांत अधिक जपावें तो भाग. चार ध्रुवांची ड्रायरची मोटर मिनिटाला १४०० च्या आसपास फेरे घेते. टोपलीचा व्यास २५ सेंटिमीटर धरला तर तिच्या काठाचा वेग ताशी साठ किलोमीटरांहून अधिक भरतो, आणि काठावरील कपड्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें २७० पट जोर बाहेर ओढीत असतो. ह्या वेगांत ओल्या साडीचा पदर हातांत गुंतला तर मनगट मोडल्याशिवाय राहत नाहीं. म्हणूनच झांकण उघडतांच वीज तोडणारा स्विच आणि टोपली थोपविणारा ब्रेक, अशी दुहेरी व्यवस्था केलेली असते. झांकण बंद असतांना एक तार ब्रेकला ओढून धरते. झांकण उघडलें कीं तार सैल होऊन स्प्रिंग ब्रेकला आवळते. तार तुटली तर ब्रेक लागलेलाच राहतो व मोटर गुणगुणते, हा बिघाड निरुपद्रवी. परंतु तार गंजून अडकली किंवा ब्रेकचें रबर झिजलें, तर झांकण उघडल्यावरहि टोपली कितीतरी वेळ फिरत राहते. झांकण उघडल्यापासून दहा-पंधरा सेकंदांत ती पूर्ण थांबली पाहिजे. न थांबल्यास ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ड्रायर वापरूंच नये. झांकणाचा स्विच बिघडला म्हणून त्याच्या तारा परस्पर जोडून देण्याची एक वाईट चाल आहे. जुनें यंत्र कोणाकडून घेतलें असेल, तर ही चलाखी त्यांत आधींच केलेली आहे कीं काय, हें पहिल्या दिवशींच पाहून घ्यावें. ड्रायर धडधडूं लागला तर बहुधा कपडे एका अंगाला झालेले असतात. ते काढून सारखे पसरावे आणि वर प्लास्टिकची जाळी ठेवावी. त्यानेंहि न भागल्यास मोटरीखालच्या तीन स्प्रिंगांपैकीं एखादी तुटली आहे काय, तें पाहावें.

यंत्राला हात लावतांच झिणझिण्या येत असतील तर “जुनें आहे, थोडें चालायचेंच” हें उत्तर नव्हे. ओली जमीन, अनवाणी पाय आणि लोखंडी पत्रा हा योग प्राणघातक आहे. तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन जमिनीशीं खरोखर जोडलेली आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून तपासून घ्यावें. जुन्या चाळींत भोंक तिसरें असतें, पण त्यामागें तार नसते. कांहीं घरांत ती तार नळाला बांधलेली असते. नळ प्लास्टिकचे झाल्यापासून त्या जोडणीला कांहींच अर्थ उरलेला नाहीं. ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच त्या फांद्यावर बसवून घेण्याचा खर्च, अन्य कोणत्याहि दुरुस्तीच्या आधीं करावा.

काम आटोपल्यावर तळाला बारीक तारेची जाळी लावावी, म्हणजे उंदीर आंत शिरत नाहींत. मागचें झांकण नीट बसवून पहिल्या खेपेस टाकींत नुसतें पाणी घालावें आणि यंत्र दहा मिनिटें चालूं द्यावें. तेवढ्या वेळांत खालीं एक जुनें वर्तमानपत्र पसरून ठेवलें, तर गळती कोठून आहे हें त्यावरील ओल्या डागावरून कळतें.