‘इतर’ नावाचा रकाना

देवास गाव एक, राजे दोन. १९४८मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत तिथे पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचा अंमल शेजारी-शेजारी चालायचा. १९२१मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी या जोडराज्यावर पुढे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तकच लिहिले. अशा गावात गाडीत काय भरले आहे, यापेक्षा ती कुणाच्या हद्दीतून आली, हा प्रश्न आधी पडत असणार.

राउटरचेही तसेच असते. धारच्या किराणा दुकानात कुणी क्यूआर कोड स्कॅन करून पैसे दिले, की वाटेतला राउटर डेटाच्या पाकिटांची नोंद करतो, पण ती फोडून बघत नाही. सिस्को कंपनीने १९९६च्या सुमारास आणलेल्या ‘नेटफ्लो’ या नोंदपद्धतीत सात खुणा पाहिल्या जात: पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक, प्रोटोकॉलचा क्रमांक, प्राधान्याची खूण आणि पाकीट कोणत्या दारातून आत आले. सातही जुळणारी पाकिटे म्हणजे एक प्रवाह. जाणे वेगळे, येणे वेगळे, त्यामुळे एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी होतात.

यातला प्रोटोकॉल क्रमांक पक्का असतो. पाकिटाच्या मथळ्यातच तो लिहिलेला असतो: आयसीएमपी १, टीसीपी ६, यूडीपी १७. पुढचा भाग मात्र अंदाजाचा. पोर्ट ८० दिसला की वेब, ५३ दिसला की डीएनएस, २५ दिसला की ईमेल. पोत्यावरची चिठ्ठी वाचून ‘गहू’ लिहिणाऱ्या नाक्यावरच्या कारकुनासारखाच हा कारभार. चिठ्ठी कुणी बदलली, तर कारकुनाला पत्ता लागत नाही.

अनोळखी चिठ्ठीची पोती जातात राउटरच्या तक्त्यातल्या ‘टीसीपी-अदर’ आणि ‘यूडीपी-अदर’ या ओळींत. नवख्या अभियंत्याला तिथला मोठा आकडा पाहून घुसखोरीची शंका येते. बऱ्याचदा कारण साधे निघते. एफटीपीच्या पॅसिव्ह पद्धतीत फाइल आयत्या वेळी ठरलेल्या पोर्टवरून जाते, म्हणून ती ‘अदर’मध्ये पडते. मोठ्या पाकिटाचे तुकडे झाले, तर पोर्ट क्रमांक फक्त पहिल्या तुकड्यावर असतो. बाकीच्यांसाठी ‘फ्रॅग’ अशी वेगळी ओळ ठेवावी लागली.

कोणता स्तंभ वाचायचा, हेही बघावे लागते. डीएनएसचा एक प्रश्न, एक उत्तर, की दोन्ही प्रवाह संपले. त्यामुळे प्रवाहांच्या संख्येत तो दांडगा दिसतो, बाइट्सच्या हिशेबात किरकोळ. व्हिडिओचे याच्या नेमके उलट.

गेल्या दशकात चिठ्ठ्याच सारख्या झाल्या. बँक, बातम्या, गाणी, सगळ्यांवर पोर्ट ४४३. त्यात २०२१मध्ये प्रमाणित झालेला क्विक प्रोटोकॉल ४४३वरच, पण यूडीपीतून चालतो. जुन्या तक्त्यात तो सरळ ‘यूडीपी-अदर’मध्ये जाऊन बसतो. म्हणून नवे राउटर जोडणीच्या सुरुवातीच्या पाकिटांत डोकावतात, कारण संकेतस्थळाचे नाव तिथे उघडे असते. आता ते नावही झाकणारी पद्धत आली आहे.