मालक नसलेल्या जाळ्याचे नियम कोण बदलतो?

बिटकॉइनचे जाळे जानेवारी 2009 पासून चालू आहे, पण ते कोणत्याही कंपनीच्या किंवा सरकारच्या मालकीचे नाही, आणि सातोशी नाकामोतो हे टोपणनाव धारण करणारा त्याचा आद्य रचनाकारही 2011 मध्ये त्यातून बाजूला झाला. व्यवहारांचे गट, म्हणजे ब्लॉक, कसे असावेत याचे नियम सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले असतात. नोड म्हणजे ते सॉफ्टवेअर चालवून आलेला प्रत्येक ब्लॉक स्वतः तपासणारा संगणक. कोणती आवृत्ती चालवायची हे ज्याचा तो ठरवत असल्यामुळे येथे नियम बदलणे म्हणजे परस्परांना न ओळखणाऱ्या हजारो लोकांनी एकाच निर्णयाप्रत येणे होय.

बदल सुचवण्याची रीत मात्र ठरलेली आहे. 2011 मध्ये आमिर ताकी यांनी, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या विकासकांची पद्धत समोर ठेवून, 'बिटकॉइन सुधारणा प्रस्ताव' अर्थात बीआयपी ही चौकट मांडली. तिच्यानुसार प्रस्तावाला क्रमांक मिळतो, त्याची तांत्रिक चिकित्सा होते आणि पटल्यास कोड लिहिला जातो. परंतु क्रमांक मिळाला म्हणजे मान्यता मिळाली असे नव्हे, आणि कोड तयार झाला तरी तो चालवण्याची सक्ती कोणावर करता येत नाही.

बदलाचे स्वरूपही निर्णायक ठरते. जुने नियम अधिक कडक करणारा बदल, म्हणजे सॉफ्ट फोर्क, जुन्या नोडलाही चालतो, कारण नव्या नियमांत बसणारा ब्लॉक जुन्या नियमांतही बसतो. याउलट नियम सैल करणाऱ्या हार्ड फोर्कमधले ब्लॉक जुने नोड नाकारतात आणि सर्वांनी आवृत्ती बदलली नाही तर ब्लॉकची साखळी दुभंगते.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती ब्लॉकच्या आकारावरून. 2010 मध्ये घातलेली 1 मेगाबाइटची मर्यादा वाढत्या व्यवहारांना अपुरी पडू लागली, तेव्हा काही मायनरांना, म्हणजे संगणनशक्ती खर्चून नवे ब्लॉक जोडणाऱ्यांना, आणि कंपन्यांना ती थेट वाढवावी असे वाटत होते, तर अनेक विकासकांना मोठ्या ब्लॉकमुळे सामान्य माणसाला नोड चालवणे परवडणार नाही अशी भीती होती. डिसेंबर 2015 मध्ये पुढे आलेल्या सेगविट या प्रस्तावाने स्वाक्षऱ्यांची माहिती वेगळी ठेवून सॉफ्ट फोर्कद्वारे जागा मोकळी करण्याचा मार्ग सुचवला. त्यासाठी 2016 ब्लॉकच्या एका कालखंडातील 95 टक्के ब्लॉकमध्ये मायनरांनी तयारीची खूण करणे आवश्यक होते. पण अनेक महिने हा पाठिंबा निम्म्यावरही गेला नाही. ही खूण म्हणजे केवळ सज्जतेची सूचना असायची, पण व्यवहारात ती नकाराधिकार बनली, आणि या रचनेतील हा दोष फार उशिरा ध्यानात आला असेच म्हणावे लागेल.

मे 2017 मध्ये 80 टक्क्यांहून अधिक संगणनशक्ती पाठीशी असलेल्या कंपन्यांनी न्यूयॉर्क येथे करार करून सेगविट आणि त्यानंतर ब्लॉकची दुप्पट मर्यादा, असे दोन्ही स्वीकारण्याचे ठरवले. दुसरीकडे बीआयपी 148 चालवणाऱ्या वापरकर्त्यांनी, 1 ऑगस्टपासून सेगविटची खूण नसलेले ब्लॉक आपले नोड नाकारतील, असे जाहीर केले. त्यांची संख्या मोठी नव्हती, पण नाकारल्या गेलेल्या ब्लॉकवर खर्चलेली वीज वाया जाण्याची शक्यता कोणत्याही मायनरला परवडणारी नव्हती. जुलैमध्ये मायनर वळले आणि 24 ऑगस्ट रोजी 4,81,824 व्या ब्लॉकपासून सेगविट लागू झाले. हे न रुचलेल्या गटाने 1 ऑगस्टलाच वेगळे होऊन 8 मेगाबाइट मर्यादेचे बिटकॉइन कॅश सुरू केले होते. करारातील दुपटीचा भाग मात्र पुरेशा सहमतीअभावी 8 नोव्हेंबर रोजी रद्द करावा लागला, यावरून संगणनशक्तीचे बहुमत आणि नियम ठरवण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत हे उघड झाले.

इथेरियम या दुसऱ्या जाळ्याने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. जून 2016 मध्ये 'द डीएओ' या निधीतून इथर या त्याच्या चलनाची सुमारे 36 लाख नाणी काढून घेतली गेली, तेव्हा साधारण महिनाभरात हार्ड फोर्क करून ती रक्कम मूळ गुंतवणूकदारांना परत मिळण्याची सोय केली गेली, आणि झालेला व्यवहार फिरवणे ज्यांना तत्त्वतः अमान्य होते त्यांनी जुनी साखळी इथेरियम क्लासिक नावाने चालू ठेवली.

बिटकॉइनमध्ये सेगविटनंतरचा मोठा बदल, टॅपरूट, 14 नोव्हेंबर 2021 रोजी लागू झाला. त्यासाठी उंबरठा 90 टक्क्यांवर आणला गेला आणि खूण करण्यासाठी साधारण तीन महिन्यांची मुदत ठेवली गेली. मायनरांनी नकार दिला तर पुढे काय करायचे यावर विकासकांत तीव्र मतभेद होते, परंतु मायनरांनी मुदतीच्या बऱ्याच आधी होकार दिल्यामुळे त्या वादाचा निकाल लावण्याची वेळच आली नाही.